पंखा ‘डायरेक्ट’ करण्याआधी दोष शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पुण्यातल्या गॅरेजांपुढे बॉनेट उघडून ठेवलेल्या जुन्या गाड्या दिसू लागतात. तक्रार बहुतेक एकच, गाडी तापते. आणि त्यावरचा हल्लीचा सर्वमान्य उपायही एकच, ‘काका, पंखा डायरेक्ट करून देतो.’ म्हणजे रेडिएटरच्या (इंजिनचे पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या) पंख्याच्या दोन वायरी काढायच्या, चावीच्या सप्लायला जोडायच्या किंवा डॅशबोर्डखाली एक बटण लावून द्यायचे आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे. या प्रकाराबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ. नोकरीभर लाईनवरचे दोष शोधले. माझी छोटी हॅचबॅक मी पंधरा वर्षांनी आरटीओत पुनर्नोंदणी करून, हरित कर भरून अजून वापरतो. ‘भंगारात द्या आता’ हा सल्ला मला सोसायटीत फुकट मिळतो, तो सध्या बाजूला ठेवू.

गेल्या उन्हाळ्यात ही गाडी तापू लागली. बाह्यवळणावर ताशी सत्तरने निघालो की टेंपरेचरचा काटा मध्याच्या खाली निवांत. स्वारगेटच्या सिग्नलला एसी लावून उभे राहिलो की हळूहळू वर सरकायचा. निम्मे निदान इथेच होते. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याचे काम गाडी उभी राहिली किंवा रांगत चालली की सुरू होते. उलट गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल, तर पंख्याला दोष न देता कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप), तुंबलेला रेडिएटर यांच्याकडे बघावे.

एवढे सांगूनही पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट काढून फेकला. ‘आपल्याकडे त्याची गरजच नसते’ म्हणे! थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जाते, सिग्नलला तापायचे ते तापतेच. मग पंख्याची मोटर बदलली. बिल साडेचार हजार. जुनी मोटर मागितली तर ‘ती स्क्रॅपमध्ये गेली’. आठवड्याभरात काटा पुन्हा वर. दुसऱ्या ठिकाणच्या वायरमनने मोटरला बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या, पंखा भणाणत फिरला. इथपर्यंत त्याचे बरोबर होते, मोटर चांगली आहे हे त्याने सिद्ध केले. पण पुढे वायरिंग तपासायचे सोडून तो म्हणाला, ‘डायरेक्ट करू.’

मी गाडी घरी आणली आणि तपकीर गल्लीतून आणलेला साधा मल्टीमीटर काढला.

पंख्याच्या सर्किटमध्ये काही गूढ नसते. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), रिलेतून मोटर आणि मोटरची काळी वायर बॉडीला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत. रिलेला हुकूम देतो तो जुन्या गाड्यांत रेडिएटरमध्ये बसवलेला, पाणी तापले की आपोआप चालू होणारा थर्मोस्विच. नंतरच्या गाड्यांत सेन्सर पाण्याचे तापमान कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर रिले ओढतो. रिलेच्या खाली बहुधा 30, 85, 86, 87 असे आकडे असतात. 85 आणि 86 म्हणजे स्विच ओढणारी आतली कॉइल, 30 वर बॅटरीचा सप्लाय, 87 वरून मोटरकडे. रिले काढून सॉकेटमधले 30 आणि 87 तारेने जोडले आणि पंखा जोरात फिरला, तर मोटर, फ्यूज, अर्थ सगळे ठीक. दोष रिलेत किंवा हुकूम देणाऱ्या बाजूला. थर्मोस्विचवाल्या गाडीत चावी चालू ठेवून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडाव्यात. पंखा लागला तर स्विच गेला. सेन्सरवाल्या गाडीत मात्र हा प्रयोग करू नये. तिथे सेन्सरचा प्लग नुसता काढला, तरी पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर खबरदारी म्हणून पंखा लावतो.

माझ्या गाडीचा पंखा मुळात बंद नव्हताच. तो फिरत होता, पण मंद. म्हणून जो तो वाकून बघायचा आणि म्हणायचा, ‘फिरतोय की!’ मोटरचा प्लग काढून मीटर लावला तर बारा व्होल्टच्या वर दाखवत होता. इथेच बहुतेक जण फसतात. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. टेलिफोनच्या लाईनवर आम्ही हेच बघायचो. रिकाम्या लाईनवर अठ्ठेचाळीस व्होल्ट ठणठणीत आणि रिसीव्हर उचलला की सगळे गायब. मोटर सात-आठ अँपिअर मागते, तेव्हा जोडाचे खरे रूप कळते. म्हणून प्लग जोडलेला ठेवून, पंखा चालू असताना मोजले. मोटरच्या दोन टोकांत जेमतेम सात व्होल्ट! मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे मोटरच्या काळ्या वायरला. तिथे पाव व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, आला चार व्होल्टच्या वर.

म्हणजे दोष अर्थच्या बाजूला. ती वायर बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीच्या एका बोल्टला गेली होती. ट्रे काढला तेव्हा थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट-पांढरी बुरशी चढलेली आणि खालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले. बॅटरीचे अ‍ॅसिड आणि पावसाळ्याचे पाणी, दुसरे काय. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवे थिंबल दाबून बसवले, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली फासली. खर्च एका थिंबलचा. पंख्यासमोर हात धरला तर वारा लागत होता.

(असे काही करताना चावी बंद असली तरी पंख्यात बोटे घालू नयेत, काही गाड्यांत तो आपोआप सुरू होतो. तापल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण तर उघडूच नये. आत दाब असतो, झाकण सैल होताच पाणी उकळून अंगावर येते.)

आता ‘डायरेक्ट’ला माझा विरोध का? चावीच्या स्विचमधून इतका करंट सतत जाऊ लागला की त्याचे आतले संपर्क जळतात. तो भार पेलण्यासाठीच तर रिले असतो. बटणाचा प्रकार असेल तर एक दिवस बटण दाबायचे राहते आणि इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधले सील) जाते. त्यात मधला फ्यूजही गाळलेला असेल, तर उंदराने एक वायर कुरतडायचा अवकाश, बॉनेटखाली जाळ. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांना तोटा नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून वीसच्या जागी तीस अँपिअरचा घालणारेही महाभाग आहेत. फ्यूज उडतो तो मोटर जड झाली म्हणून किंवा वायर कुठेतरी घासली म्हणून, ते बघायला नको का?

सगळा दोष गॅरेजवाल्यांचा नाही. अर्धा तास मीटर घेऊन वाकलेल्या माणसाला ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ असे विचारणारे आपणच. नवा भाग बसवला की पैसे विनातक्रार निघतात, दोष शोधण्याचे निघत नाहीत. मग तो भाग बदलतच राहणार.

माझे गॅरेजचालकांना सुचवणे एवढेच आहे, की पंख्याच्या तक्रारीवर बिलात तीन आकडे लिहावेत. पंखा चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट, मोटरच्या टोकांवर किती आणि अर्थच्या बाजूला किती. काढलेला भाग पिशवीत घालून परत द्यावा. आणि या तपासणीचे तीनशे रुपये वेगळे लावावेत. मी ते घासाघीस न करता देईन.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, सहकारनगर, पुणे