होमगार्डला दिवसाचे १,०८३ रुपये, पण दिवस किती?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका पथकात होमगार्ड आहे. गणपती, नवरात्र, आषाढी वारी, बोर्डाच्या परीक्षा, निवडणुका, कुठेही बंदोबस्त लागला की पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावांची यादी पडते आणि तो पिशवी भरतो. एरवी तो सेंटरिंगच्या कामावर जातो. हे पत्र त्यानं लिहायला हवं होतं. पण तोंड उघडलं तर पुढच्या यादीतून नाव जाईल, ही भीती त्याला आहे. म्हणून मी लिहिते आहे.

आधी जे चांगलं झालं ते सांगते. ऑक्टोबर २०२४ पासून होमगार्डचा कर्तव्य भत्ता रोजचा ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला. ती बातमी आली तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली होती. त्या निर्णयाबद्दल आभार मानते, अगदी मनापासून.

मात्र सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या होमगार्डच्या खटल्यात जो हिशेब घालून दिला, तो तीस दिवसांचा होता: महिनाभराचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका व्हावा. १,०८३ गुणिले ३० म्हणजे ३२,४९० रुपये. एवढे पैसे हातात पडलेला महिना आमच्या घरानं अजून पाहिलेला नाही. गणपतीत आणि निवडणुकीत सलग काम असतं, पुढे कित्येक महिने नुसती कवायत. बंदोबस्त भाद्रपदात आणि पैसे संक्रांतीच्या सुमाराला, असंही झालं आहे. मधल्या काळात ठेकेदारानं त्याच्या जागी दुसरा गडी घेतलेला असतो. दर दुप्पट झाला तरी किराणावाल्याची उधारी संपत नाही ती यामुळे.

होमगार्ड ही संघटना ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईत उभी राहिली. शहरात दंगली पेटल्या होत्या, नागरिकांनी पोटापाण्याचं काम सांभाळून संकटात धावून यावं, अशी ती योजना होती. आज त्यांना बोलावणं येतं ते बहुतेक आधीच ठाऊक असलेल्या कामांसाठी. गणपती कधी बसणार, एकादशी कधी, हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. परीक्षांचं वेळापत्रकही आधीच लागतं. मग त्या दिवसांचे पैसे आधी बाजूला का काढून ठेवता येत नाहीत? वर्षाला निदान अमुक दिवस काम मिळेल, आणि बंदोबस्त संपल्यावर महिन्याच्या आत पैसे खात्यावर येतील, एवढं लेखी मिळालं तरी हजारो घरांचा संसार मार्गी लागेल.

आता साहित्याचं. गेल्या विसर्जनाला भाऊ नदीच्या घाटावर पहाटेपर्यंत उभा होता. हातात काठी, गळ्यात शिट्टी. रेनकोट स्वतःच्या पैशाचा. उजेड मोबाईलचा, तोही मध्यरात्रीनंतर बंद पडलेला. बुटाचा तळवा सुटला होता, तो त्यानं मंडपाच्या सुतळीनं बांधला आणि तसाच चिखलात उभा राहिला. शेजारच्या पोलिसाकडे टॉर्च होती, वॉकीटॉकी होती. गर्दीत कुणी पाण्यात घसरलं असतं तर भावानं कळवायचं कसं? ओरडून? ढोल-ताशे चालू असताना? मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७ नुसार कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसाचेच अधिकार आणि संरक्षण असतं. अधिकार कायद्यानं दिले, टॉर्च मात्र कुणी दिली नाही. महिला होमगार्डचे हाल तर याहून वाईट. बारा-बारा तास पॉइंटवर उभं राहायचं आणि जवळपास स्वच्छतागृह नाही, म्हणून कितीजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

प्रशिक्षणाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सावधान-विश्राम आमच्या पोरांना उत्तम येतं. पण अरुंद वाटेवर मागून लोंढा रेटू लागला तर पुढची माणसं कुठल्या बाजूनं काढायची, पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे त्यांच्याकडून कोण घोटून घेतं? आमच्या जिल्ह्यानं जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीच्या गडावर तीनशेच्या आसपास माणसं गमावली. त्याआधी ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. आता ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ ला नाशिक-त्र्यंबकेश्वरची मुख्य स्नानं आहेत. तिथे दोरखंड धरून उभे राहणाऱ्यांत राज्यभरातले होमगार्ड असणारच. त्यांना रामकुंडाच्या गल्ल्या प्रत्यक्ष फिरवून दाखवा, गर्दी हाताळण्याचा आणि प्रथमोपचाराचा सराव तिथेच द्या, आणि त्या सरावाच्या दिवसांचाही पूर्ण भत्ता द्या.

पोलीस भरतीत होमगार्डसाठी ५ टक्के जागा आहेत, हे मला माहीत आहे. पंचविशीतल्या पोराला त्याचा उपयोग होतो. चाळिशी ओलांडलेल्या होमगार्डची भरती होणार नाही, त्याला आहे त्याच कामात नीट जगता आलं पाहिजे.

येत्या अर्थसंकल्पात होमगार्डच्या किमान दिवसांची तरतूद करा. भत्ता किती दिवसांत मिळणार, ते शासन निर्णयात तारखेनिशी लिहा. आणि येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक पथकाला बूट, रेनकोट, टॉर्च आणि रात्री चमकणारी जॅकेटं पोहोचवा.

आपली,
एका होमगार्डची बहीण