जिमला जायची लाज वाटते, त्यावर पण लिहा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात व्यायामावर बरंच काही छापून येतं, पोटासाठी काय करायचं, पाठीसाठी काय, चाळिशीनंतर काय, आणि मी ते सगळं आवडीनं वाचते, कात्रणं काढून मैत्रिणींना पण देते. पण माणसं ज्या कारणामुळे जिम लावूनही सोडून देतात त्यावर मला कधी काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र. ते कारण म्हणजे लाज. आपण आत गेलो की सगळे आपल्याकडेच बघणार, आपलं पोट बघणार, आपल्याला काही येत नाही हे त्यांना कळणार, ही धास्ती.

गेली काही वर्षं मी नियमित जिमला जातेय त्यामुळे हे सारखं डोळ्यासमोर घडतं. नवीन आलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो सरळ ट्रेडमिल गाठतो कारण तेवढं एकच मशीन त्याला समजतं, बटण दाबलं की चालायचं. चालता चालता वजनांच्या बाजूला दोन-तीनदा नजर टाकतो, तिथे दणकट पोरं उभी असतात, मग पाणी पितो, घाम पुसतो आणि निघतो. असं काही दिवस चालतं आणि मग तो दिसायचा बंद होतो. घरचे म्हणत असणार पैसे फुकट घालवले, याच्यात सातत्यच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आळशी माणूस भल्या पहाटे उठून तिथवर येतच नाही हो, हा आला होता.

आणि जे येतच नाहीत त्यांचं तर विचारूच नका. "आधी थोडी बारीक होते, मग जिम लावते" हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलंय, माझ्या सख्ख्या जाऊबाईंकडून सुद्धा. पुरुष असं उघड बोलत नाहीत, ते म्हणतात वेळ मिळत नाही, पण थोडं खोदून विचारलं की त्यांचंही तेच निघतं. १९८९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी, म्हणजे हार्ट, लिअरी आणि रेजेस्की यांनी, आपल्या शरीराकडे लोक बघतील याची माणसाला किती भीती वाटते हे मोजायला १२ वाक्यांची एक प्रश्नावली बनवली होती आणि ती पुढे जगभर वापरली गेली. म्हणजे हे काही कुणा एका भित्र्या माणसाचं खूळ नाहीये, इतक्या लोकांना वाटतं की ते मोजायची सोय करावी लागली.

आता मुख्य प्रश्न, लोक खरंच बघतात का? मी म्हणेन की बघतात, पण आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा फार कमी आणि वेगळ्याच कारणासाठी. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी एकेका विद्यार्थ्याला असा टी-शर्ट घालायला लावला की ज्यावर एका गायकाचं मोठं चित्र होतं आणि तो घालून फिरायची त्या वयाच्या पोरांना लाज वाटेल, मग त्याला इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं की किती जणांच्या लक्षात आलं असेल. घालणाऱ्याला वाटत होतं की साधारण निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ओळखलं होतं जेमतेम पाव लोकांनी. आणि तिथे तर सगळे नुसते बसलेले होते, जिममध्ये प्रत्येक जण आपापलं मोजत असतो, आठ, नऊ, दहा.

तरी नजरानजर होतेच आणि नवीन माणसाला तीच टोचते. त्याचं साधं कारण कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. एक सेट, म्हणजे तीच हालचाल ठरलेल्या वेळा सलग करणं, झाला की पुढच्या सेटच्या आधी मिनिटभर, वजन जास्त असेल तर दोन-तीन मिनिटं सुद्धा थांबावं लागतं. त्या वेळात माणूस धापा टाकत उभा असतो आणि त्याची नजर कुठेतरी लागलेली असते, भिंतीवर, पंख्यावर, समोरच्या माणसावर. तो बघत असतो पण त्याला दिसत काही नसतं. मी स्वतः कित्येकदा अशी टक लावून उभी असते आणि समोर कोण होतं ते नंतर विचाराल तर मला सांगता येणार नाही.

मग लाज नक्की कशाची वाटते? मला विचाराल तर शरीराची निम्मी, आणि उरलेली निम्मी म्हणजे, वस्तू कुठे असतात, कशा वापरायच्या, कुणाला काय विचारायचं हे माहीत नसल्याची. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपण चहा करायला गेलो की कसं होतं, चहा तर येतो आपल्याला पण साखर कुठल्या डब्यात आहे ते ठाऊक नाही, तसंच आहे हे. आमच्याकडे एक बाई यायच्या, पन्नाशीच्या असतील. पाय सरळ करायच्या मशीनवर बसल्या, सीट त्यांना मागे पडत होती, पाय नीट टेकत नव्हते, तर त्यांनी दोनदा इकडे तिकडे हात लावून बघितला आणि मग मोबाईल काढून काहीतरी वाचायला लागल्या. वाचत काही नव्हत्या. मी जाऊन म्हटलं, ताई, हा खालचा गोल नॉब बाहेर ओढायचा, सीटची पाठ पुढे सरकवायची आणि नॉब सोडायचा, टक् असा आवाज आला की बसलं. मग वजनांच्या थरातली पिन दाखवली, ती ज्या भोकात घालाल त्याच्यावरची सगळी वजनं उचलली जातात, आधी अगदी वर घालून बघा, हलकं वाटलं तर एक घर खाली. एवढंच. दोन मिनिटं पण नाही लागली. पुढच्या वेळी त्या माझ्याकडे न बघता थेट त्या मशीनवर जाऊन बसल्या, नॉब ओढला, पिन घातली आणि सुरू. नॉब आणि पिन, जवळपास सगळ्या मशीनचं कोडं ह्या दोन गोष्टींत आहे, आणि पहिल्या दिवशी हे कुणी दाखवत नाही याचा मला राग येतो.

हलकं वजन घ्यायची लाज वाटते त्यांना पण दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली म्हणजे तो जो लांब बार असतो तो रिकामाच साधारण २० किलोचा असतो, बायकांच्या स्पर्धेतला १५ किलोचा, त्यामुळे प्लेट, म्हणजे वजनाची चकती, न लावता नुसता बार उचलणारा माणूस "काहीच न उचलणारा" नसतो, नेहमीचे लोक सुद्धा वॉर्मअपला नुसता बारच घेतात. दुसरी, सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतेक करून स्नायू फुगल्यामुळे वाढत नाही, मेंदू आणि नसा त्या हालचालीला सरावतात म्हणून वाढते, मोरितानी आणि डीव्रीज या दोघांनी १९७९ साली हे दाखवून दिलं होतं. म्हणजे त्या काळात आरशात काही फरक दिसला नाही तरी आत काम चालू असतं, आणि हालचाल नीट बसवायला हलकं वजनच बरं पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग जास्त दुखतं तेही आधीच माहीत असू द्या, साधारण २४ ते ७२ तासांत ते जोरात असतं आणि मग उतरतं, त्याला घाबरून सोडू नका. गुडघे, बीपी, हृदयाचं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

अजून एक गंमतशीर पण कामाची गोष्ट. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडलं की आजूबाजूला माणसं असली की सरावाचं काम आणखी चांगलं होतं आणि नवीन, अवघड काम बिघडतं. म्हणजे चारचौघांत आपला हात थरथरतो, पाय चुकतो ते आपण ढ आहोत म्हणून नाही, शिकणाऱ्या सगळ्यांचंच तसं होतं. ह्यातून मार्ग पण निघतो, नवीन हालचाल गर्दीत शिकू नका. स्क्वॉट, म्हणजे उठाबशांसारखा व्यायाम, घरी खुर्चीवर बसायचं-उठायचं करून बसवा, आणि जिमला पहिले काही दिवस कमी गर्दीच्या वेळी जा, ती वेळ कुठली हे काउंटरवर विचारलं की सांगतात. आणि आरसा. २००३ साली कॅनडातल्या मार्टिन जिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय नसलेल्या बायकांना आरशासमोर आणि आरशाविना जागेवरची सायकल चालवायला लावली तर आरशासमोर त्यांचं मन काही तितकंसं प्रसन्न झालं नाही, आरसा नव्हता तेव्हा जास्त बरं वाटलं. तेव्हा सुरुवातीला आरशाला पाठ करून किंवा बाजूला वळून उभं राहा, कुणी काही म्हणत नाही, हालचाल नीट होतेय का ते बघायचं असेल तेव्हा वळायचं.

पहिल्या दिवशी ट्रेनरला एकच सांगा, मला चार मशीन दाखवा, ढकलायचं एक, ओढायचं एक, पायाचं एक, पोट-कमरेचं एक, आणि सीट कितव्या नंबरला ठेवायची ते मी मोबाईलमध्ये लिहून घेते. बास. मग आत गेल्यावर काय करायचं हा प्रश्न उरत नाही आणि घुटमळत उभं राहावं लागत नाही, बहुतेक लाज त्या घुटमळण्यातच असते. रोज गेलं पाहिजे असंही काही नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्यांसाठी स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस आणि चालण्यासारखा मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं सांगितलाय. दोन दिवस जमतात हो. मशीनवर कुणी असेल तर "दादा, अजून किती सेट आहेत?" एवढं विचारायचं, हे विचारणं अजिबात उद्धटपणाचं नाही, सगळे विचारतात, उलट मधेच "तुम्ही करून घ्या एक सेट" असंही म्हणतात.

आता आमच्यासारख्या जुन्या लोकांना पण बोललं पाहिजे. नवीन माणसाला न विचारता उपदेश करू नका, तो इजा करून घेतोय असं दिसलं तरच बोला आणि तेही जवळ जाऊन हळू आवाजात. जाड माणूस दिसला की "वा, छान, असंच चालू ठेवा" असं कौतुक सुद्धा करू नका, त्याला वाटतं की आपण नजरेत भरलोय, नुसतं हसून नमस्कार करा तेवढा पुरे. प्लेटा जागेवर ठेवा, कारण २० किलोची प्लेट तुम्ही मशीनवर तशीच सोडून गेलात तर पुढची बाई ती काढू शकत नाही आणि कुणाला सांगायची तिला लाज वाटते म्हणून ती ते मशीनच सोडून देते. आणि व्हिडिओ काढताना मागे कोण येतंय ते बघा, हे मी हात जोडून सांगते. कुणी खरोखरच हसत असेल, शेरे मारत असेल तर मॅनेजरला सांगायचं, आणि त्याने ऐकलं नाही तर जिम बदलायची, तिथे रडतखडत टिकून राहायची काही गरज नाही.

जिम चालवणाऱ्यांना एक विनंती. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचू नका. मी हे एका ठिकाणी बघितलंय, एक कॉलेजची मुलगी होती, तिचा चेहरा पडला आणि ट्रेनर मात्र लगेच पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज समजावू लागला. ती मुलगी परत आली नाही. वजन घ्यायचं तर आत, दाराआड घ्या, आणि तिची तयारी असेल तरच.

आणि संपादक साहेब, तुम्हालाही. व्यायामाच्या लेखासोबत तुम्ही जे फोटो छापता त्यात कायम सपाट पोटाची मुलगी आणि पिळदार दंडाचा मुलगा असतो. लेख नवशिक्यांसाठी आणि फोटो मात्र ज्याला काही शिकायचं उरलं नाही त्याचा. इंग्लंडमध्ये तिथल्या स्पोर्ट इंग्लंड या संस्थेनं २०१५ मध्ये एक मोहीम काढली होती, लोक काय म्हणतील या भीतीनं बायका व्यायामाला येत नाहीत हे लक्षात आलं म्हणून जाहिरातीत साध्यासुध्या, घामाघूम झालेल्या, सगळ्या मापाच्या बायका दाखवल्या. तुमच्या पुरवणीत एक पान असं करा ना. साध्या माणसांचे, त्यांना विचारून काढलेले फोटो, नॉब कुठे असतो, पिन कशी घालायची, बार किती किलोचा, सेट किती आहेत ते कसं विचारायचं, एवढंच सोप्या भाषेत. आणि जमलं तर डिसेंबर संपायच्या आत छापा, नवीन वर्षाच्या सुरुवातीला किती तरी लोक जिम लावतात, त्यांच्या हातात ते आधी पडायला हवं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक