लॉ शिकवायला निघालेल्या माझ्या लेकीला

प्रिय सई,

काल रात्री तू फोनवर म्हणालीस, आई वकिलीची सनद बंद ठेवायचा अर्ज दिला, आणि मी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला, तुला वाटलं असेल आई रागावली. रागावले नव्हते गं. फुल टाईम पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे तो. पण चार वर्षं माझ्या शेजारी बसून तू दावे लिहिलेस, दाव्यांना उत्तरं म्हणजे कैफियती लिहिल्यास, पक्षकार मला सोडून "ताई कुठंयत" विचारायला लागले होते, आणि आता ती खुर्ची रिकामी. बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

मी 1991 ला लॉला गेले तेव्हा कॉलेज संध्याकाळचं. सर दिवसभर कोर्टात, आणि वकिलांना दिवसाला 3 तासांपर्यंत शिकवायची मुभा असते त्यात आमचा वर्ग. यायचे, काळा कोट खुर्चीला अडकवायचे आणि डिक्टेशन सुरू. कलम, व्याख्या, दोन केसेस, अंडरलाईन करा. आम्ही खाली मान घालून लिहायचो आणि ते सोन्यासारखं वाटायचं, कारण दुसरीकडे मिळणार कुठे, लायब्ररीत बेअर अॅक्टची, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची, एक प्रत, तिचीही पानं गेलेली. पण सनद घेऊन कोर्टात उभी राहिले तेव्हा मला साधा मुदतीचा अर्ज लिहिता येत नव्हता. तो मला शिकवला सिनियरांच्या कारकुनाने, आणि पक्षकाराला आधी पाणी द्यायचं, मग विचारायचं, हेही त्यांनीच.

आता ते डिक्टेशन तू देऊ नकोस. कलम फोनवर आहे, निकाल फोनवर आहेत, सुप्रीम कोर्टाचे कितीतरी निकाल मराठीत भाषांतर होऊन मिळतात, घटनापीठाची सुनावणी पोरं मोबाईलवर लाईव्ह बघतात. आणि पाठांतराचं तर 1 जुलै 2024 ला काय झालं तू बघितलंसच ना, जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तीस तीस वर्षं खुनाला 302 आणि फसवणुकीला 420 म्हणणारी माणसं एका रात्रीत 103 आणि 318 शोधायला लागली. सगळ्यात जास्त गोंधळ 482 चा, इतकी वर्षं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 482 म्हटलं की हायकोर्टात एफआयआर रद्द करायला जायचं आणि आता तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. बाररूममध्ये त्या महिन्यात कोण घाबरलं नाही माहितीय? ज्यांना अटकेआधी जामीन का द्यायचा, कधी नाकारायचा हे समजलेलं होतं ते. त्यांना फक्त नवा आकडा लिहून घ्यावा लागला. मुलांना ते "का" दे.

दुसरी गोष्ट एआय. परवा एक ज्युनिअर माझ्याकडे सायटेशन, म्हणजे जुन्या निकालाचा दाखला, घेऊन आला, छान टाईप केलेलं, पक्षकारांची नावं, साल, पान नंबर सगळं, आणि शोधायला गेलो तर असा निकालच नाही. पोरगा वाईट नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही की मूळ निकाल उघडून वाचायचा असतो. 2023 ला न्यूयॉर्कमध्ये विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने बनवलेले खोटे निकाल कोर्टात दिले, 5000 डॉलर दंड झाला. तिथले वकील काही नवशिके नव्हते. म्हणून सांगते, वर्गात एआयवर बंदी घालून काही होणार नाही, तू मुद्दाम त्याच्याकडून उत्तर घे आणि मुलांना चूक शोधायला लाव, तासभर भांडू देत.

आणि जर्नल, मुलांची प्रात्यक्षिकाची वही! बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत सगळं चांगलं लिहिलंय, ड्राफ्टिंग, मूट कोर्ट म्हणजे लुटुपुटीचा खटला, दोन खटले प्रत्यक्ष बघायचे, वकिलाच्या ऑफिसात बसून पक्षकाराशी बोलणं ऐकायचं. आणि होतं काय, मुलं मागच्या वर्षीचं जर्नल उतरवतात, एक दिवस येऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो काढतात. माझ्याकडे सहीला येतात तेव्हा मी विचारते, उलटतपासात साक्षीदार कुठे अडकला, तर गप्प. मी सही करत नाही. राग मला मुलांचा येत नाही, ज्यांनी ते जर्नल न वाचता मार्क दिले त्यांचा येतो. तू वाच. चाळीस जर्नल असली तरी वाच.

तू म्हणालीस ना, कोर्ट सुटलं म्हणजे खऱ्या कामातून बाहेर पडले. इथे मात्र मी तुझ्याशी भांडणार. मथुरा प्रकरण आठव. 1972 ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, हायकोर्टाने पोलिसांना दोषी धरलं, आणि 1978 ला सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं, का तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती. निकाल लागला, वकील पुढच्या केसला लागले. गप्प बसले नाहीत ते चार जण, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार, दोघं दिल्लीचे, दोघं आपल्या पुण्याचे, चौघंही कायदा शिकवणारे. सप्टेंबर 1979 मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं की शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे. त्यावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 ला कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने संमती नव्हती असंच धरून चालायचं. मी आयुष्यभर कोर्टात उभी राहून जे करू शकले नाही ते चार शिक्षकांनी एका पत्रात केलं. मला आमच्या वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं, त्या बदलातून आलेल्या कलम 114अ चं डिक्टेशन मात्र झालं होतं.

खेड्यातून आलेली मुलं मागच्या बाकावर बसतील, इंग्रजी निकाल समोर आला की पान उलटायचं नाटक करतील, त्यांना 7/12 आणि फेरफार घरच्या भांडणामुळे तुझ्यापेक्षा जास्त कळतो, तिथून सुरुवात कर. वाटणीचा दावा त्यांच्याच घरात चालू असतो गं.

पुढच्या महिन्यात आपल्या त्या विहिरीच्या दाव्यात माझ्या साक्षीदाराचा उलटतपास आहे, समोरचे वकील तयारीचे आहेत. वर्ग घेऊन ये. पंधरापेक्षा जास्त मुलं असतील तर आधी कळव, कोर्टरूममध्ये मागे तीनच बाकडी आहेत आणि न्यायाधीश साहेबांना गर्दी चालत नाही, मी आदल्या दिवशी विचारून ठेवीन. येताना त्यांना दावा आणि कैफियत वाचायला देऊन आण, नुसतं बघायला नको. तारीख पडली की कळवते.

आई