आजारी मुक्या जिवाला निरोप देण्याची वेळ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातला खंड्या हा तेरा वर्षांचा गावठी कुत्रा गेला. ‘गेला’ असे लिहिताना माझा हात अजून अडखळतो, कारण तो आपणहून गेला नाही. आम्ही डॉक्टरांना घरी बोलावून, इंजेक्शन देऊन त्याला निरोप दिला. त्या निर्णयाचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्याला झालेल्या चार दिवसांच्या उशिराचे, आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्या घरांतून म्हातारी, आजारी जनावरे आहेत त्या घरांनी तरी हा उशीर टाळावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

खंड्याला मूत्रपिंडाचा आजार होता. आधी तो पाणी फार पिऊ लागला, मग भाकरीचा कुस्करा ताटलीत तसाच राहू लागला आणि तोंडाला उग्र वास येऊ लागला. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, ५ च्या वर निघाले. निरोगी कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असते, आणि ते वाढलेले दिसू लागते तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश शक्ती संपलेली असते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. कातडीखाली सलाईन कसे द्यायचे ते डॉक्टरांनी शिकवले, उलटीचे औषध दिले, आणि पुढचे चार आठवडे खरोखर बरे गेले. सकाळी तो अंगणात उन्हाला येऊन बसे आणि दूधवाल्याची चाहूल लागली की मान वर करी. त्या चार आठवड्यांच्या खर्चाचा किंवा कष्टांचा मला जराही पश्चात्ताप नाही.

पाचव्या आठवड्यात उलट्या पुन्हा सुरू झाल्या, हिरड्यांवर व्रण उठले आणि सलाईनचाही उपयोग होईना. मंगळवारी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की आता विचार करा. आमचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. खंड्याला शाळेच्या दप्तरात घालून घरी त्यानेच आणले होते. तो फोनवर म्हणाला, शनिवारी येतो, तोपर्यंत थांबा. त्याची मागणी अवाजवी नव्हती आणि ती मोडण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. पण त्या चार रात्री खंड्याला धड आडवे होता आले नाही. तो उठून उभा राही, पाय थरथरत, पुन्हा बसे, भिंतीला डोके टेकून तसाच राही. शनिवारी मुलगा आला, त्याला पाहून खंड्याने शेपटीचे टोक हलवले, आणि ते पाहून मुलगा रडत म्हणाला, “आई, याची अशी अवस्था आहे हे मला मंगळवारीच का नाही सांगितलंस?” मी सांगितले नव्हते, कारण मलाही शनिवारपर्यंत थांबायचे होते. ते थांबणे माझ्यासाठी होते आणि त्याची किंमत खंड्याने मोजली.

या निर्णयाआड आमच्या घरात एक शब्द उभा होता, तो येथे सांगितला पाहिजे, कारण सीमाभागातल्या वाचकालाच तो नेमका कळेल. डॉक्टर कन्नड बोलणारे. मंगळवारी तपासताना खंड्याच्या पोटावर हात ठेवून ते स्वतःशीच म्हणाले, “पाप, भाळ त्रास ऐती अदक्क.” कन्नडमध्ये ‘पाप’ म्हणजे बिचारा; बिचाऱ्याला फार त्रास आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण दाराशी उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंनी त्यातला पहिला शब्द तेवढा मराठीत ऐकला. “पाप म्हणतोय बघ डॉक्टर, मी म्हटलं न्हवं?” असे त्या मला म्हणाल्या. त्यांना कन्नड येत नाही असे नाही, सारा बाजारहाट त्या कन्नडमध्येच करत आल्या आहेत. पण इंजेक्शन देऊन मारणे हे पाप ठरेल ही जी भीती मनात होती, तिने त्या शब्दाचा अर्थ बदलला. मीही तेव्हा तो उलगडून सांगितला नाही. पुढे खंड्या गेल्यावर शेजारच्या बाई विचारायला आल्या, तेव्हा सासूबाईच त्यांना म्हणाल्या, “पाप, लई सोसलं त्यानं.” त्या वेळी हा शब्द त्यांनी डॉक्टरांच्याच अर्थाने उच्चारला होता.

पापाचा हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत जड आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. ज्या महात्मा गांधींनी १९२४ च्या डिसेंबरमध्ये आपल्या टिळकवाडीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले, त्यांच्यापुढे अवघ्या चार वर्षांनी, १९२८ मध्ये, साबरमतीच्या आश्रमात हाच प्रश्न उभा राहिला. आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते, कूसही बदलू शकत नव्हते. सहकाऱ्यांशी चर्चा करून, त्यातल्या विरोधाचे ऐकून घेऊन, गांधीजींनी डॉक्टरांकरवी त्याला विषाचे इंजेक्शन देवविले आणि स्वतः तेथे उभे राहिले. दोन मिनिटांच्या आत सारे संपले. त्यावर संतापाची पत्रे आली, तेव्हा त्यांनी आपल्या साप्ताहिकांतून जाहीरपणे उत्तर दिले की ज्याचे दुःख दूर करण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही, त्याची वेदना संपवणे ही हिंसा ठरत नाही. गांधीजींनी केले म्हणून ते बरोबर, असे माझे म्हणणे नाही. आयुष्यभर अहिंसेचा विचार केलेल्या माणसालाही हा निर्णय घ्यावा लागला आणि लोकांसमोर उघडपणे सांगावासा वाटला, एवढे मला त्यातून घ्यावेसे वाटते. ज्यांना धर्मश्रद्धेमुळे हे मान्यच होणार नाही अशी अनेक जैन व अन्य कुटुंबे आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. त्यांनी निदान वेदनाशामक औषधात हात आखडता घेऊ नये. मात्र ते औषध डॉक्टरांचेच असावे, कारण घरच्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना इजा होते.

मग वेळ आली हे ओळखायचे कसे? “अजून शेपूट हलवतंय की ओ, कसं मारतासा?” असे आम्हाला एकाने विचारले. शेपूट हलवणे ही ओळख आहे, सुख नव्हे. जीव जाईपर्यंत कुत्रा आपल्या माणसाला ओळखतो. तो दुखण्याने क्वचितच ओरडतो. बसल्या जागी धापा टाकणे, रात्रभर जागा बदलत राहणे, एकच ठिकाण चाटत राहणे, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसणे, ही त्याची बोली आहे. मांजर तर दुखत असतानाही घुरघुरते. अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी सात गोष्टींचे मोजमाप सुचवले आहे: वेदना व श्वास, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत की नाही. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे आणि एकूण बेरीज ३५ च्या वर असेल तर जनावराचे जगणे अजून सुसह्य आहे असे समजायचे. गुणांची बेरीज कुणाचा निर्णय घेणार नाही, पण रोज ती मांडायला बसले की माणसाला स्वतःशी खोटे बोलणे अवघड जाते.

आम्ही याहून साधे करायला हवे होते, ते उशिरा सुचले. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशोब लिहितो, तिच्यावरच रोज रात्री एक खूण करावी: आजचा दिवस त्याला बरा गेला की वाईट. खूण करणारी माणसे दोन असावीत, कारण जो दिवसभर जवळ असतो त्याला रोजची थोडीथोडी घसरण दिसत नाही. आणि आजार असाध्य आहे असे कळेल त्याच दिवशी, जनावर अजून बऱ्यापैकी असताना, घरातल्यांनी बसून ठरवावे की अमुक गोष्ट झाली की थांबायचे: सलग तीन दिवस खाल्ले नाही, किंवा आधाराशिवाय उठता आले नाही, किंवा वाईट खुणा चांगल्यांच्या पुढे गेल्या. परगावच्या मुलाबाळांना तेव्हाच बोलावून घ्यावे. आमच्या मुलाला त्या बऱ्या चार आठवड्यांत बोलावले असते, तर अंगणातल्या उन्हात तो त्याच्याजवळ बसला असता.

याच्या उलट टोकाची घाईही मी पाहिली आहे. म्हातारा कुत्रा एका सकाळी अचानक तोल जाऊन पडतो, मान वाकडी होते, डोळे भिरभिरतात, आणि घरचे समजतात की अर्धांगवायू झाला, आता संपले. पण पुष्कळदा तो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो, तीनचार दिवसांत उतार पडतो आणि दोनतीन आठवड्यांत कुत्रा पुन्हा फिरू लागतो. जननेंद्रियावर येणारी ती रक्ताळलेली, किळसवाणी दिसणारी गाठ एका संसर्गाने पसरणाऱ्या कर्करोगाची असली, तरी व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. म्हणून आधी निदान, मग निर्णय. पैशाअभावी उपचार शक्य नसतील तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे; त्यात लाज नाही.

लाज आहे ती आजारी जनावर नेऊन सोडण्यात. जांबोटीकडून चोर्ल्याला जाणाऱ्या रस्त्यावर गळ्यात पट्टा असलेली, हाडे निघालेली कुत्री मी स्वतः पाहिली आहेत. जनावराला उपाशीतापाशी हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात ठरवलेला दंड मात्र अवघा १० ते ५० रुपये, तोही कित्येक दशकांपूर्वीचा. आपल्या हाताने इंजेक्शन देण्याचे पाप नको म्हणून जो त्याला जंगलाच्या कडेला उतरवतो, तो त्याला भूक, तहान आणि इतर कुत्र्यांच्या दातांच्या स्वाधीन करतो.

ज्यांना हा निर्णय घ्यावा लागेल त्यांनी प्रत्यक्षात काय होते ते आधी विचारून घ्यावे, त्याने भीती कमी होते. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, जनावर गाढ झोपते, आणि मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. त्याने श्वास व हृदय काही मिनिटांत थांबते. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखा वाटतो, लघवी होते. हे वेदनेचे लक्षण नव्हे. जनावर शुद्धीत असताना नुसते मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराईड टोचणे अत्यंत क्लेशकारक असते, तेव्हा आधी पूर्ण भूल देणार ना, हे न संकोचता विचारावे. आणि जमेल त्याने शेवटपर्यंत जवळ बसावे.

पुरण्याची जागाही आधी ठरवावी. आम्ही येळ्ळूरच्या नातलगांच्या शेतात गेलो तेव्हा भाताच्या वाफ्यांत गुडघाभर पाणी होते; शेवटी बांधाच्या उंच बाजूला खड्डा काढला. तो खोल हवा, चार फुटांहून कमी नको, कारण औषध शरीरात टिकून राहते आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरून खाल्ले तर तीही दगावतात.

आमच्या डॉक्टरांनी मंगळवारी जे सांगितले ते त्यांनी चार आठवडे आधी, पहिला रक्ताचा अहवाल हाती आला तेव्हाच सांगायला हवे होते, असे मला वाटते. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. घरचे दुखावतील म्हणून बहुतेक डॉक्टर हा विषय आपणहून काढत नाहीत, हे मी समजू शकते. माझी सीमाभागातल्या सर्व पशुवैद्यांना कळकळीची विनंती आहे की असाध्य आजाराचे निदान होताच पुढे काय होईल, कोणती लक्षणे दिसली की कळवायचे आणि निरोपाची वेळ कशी ठरवायची, हे त्यांनी घरच्यांना बसवून सांगावे, आणि समोर म्हातारी माणसे असतील तर ते मराठीत व कन्नडमध्ये, ज्याला जी भाषा जवळची त्या भाषेत, सावकाश सांगावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
वडगाव, बेळगाव