पायांचे उपचार करणाऱ्यांनी संघटनेत यावे

संपादक महोदय,

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाऊन आलेले भाविक परतले की आमच्याकडे फोड आलेले तळवे दाखवायला रांग लागते. त्यातल्या मधुमेहींची गोष्ट वेगळी. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना डांबराचा चटका कळत नाही. एकाच्या टाचेत बाभळीचा काटा रुतला होता. मोजा रक्ताने माखला तेव्हा त्याला समजले!

असे पाय पाहणारे खान्देशात मोजकेच, तेही विखुरलेले. अडलेल्या केसबद्दल विचारायचे कोणाला? माझ्या मते संघटनेत जाण्याचा खरा फायदा हाच. जखमेचा फोटो पाहून ‘आजच सर्जनकडे पाठवा’ असे ठणकावणारा अनुभवी माणूस मिळाला, तर एखाद्याचा पाय वाचू शकतो. १० ग्रॅम मोनोफिलामेंटने (तळव्यावर टेकवायच्या नायलॉनच्या बारीक तंतूने) संवेदना कशी तपासावी, जखमेवरचा भार कसा काढावा, हे हाताखाली शिकावे लागते. ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्टना, म्हणजे पायांच्या उपचारतज्ज्ञांना, संघटनेच्या सदस्यत्वासोबत व्यावसायिक विमाही मिळतो.

वर्गणी भरून भिंतीवर प्रमाणपत्र आणि परिषदेची पिशवी एवढेच पदरात पडणार असेल, तर न गेलेले बरे. डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी पुण्या-मुंबईपलीकडेही पाहावे. जळगाव आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; पुढची कार्यशाळा तिथे घ्यावी, शक्यतो चैत्राच्या आधी.

– एक फिजिओथेरपिस्ट, अमळनेर