खालच्या मजल्यावरच्या काकांना

ती. काकांना सा. न.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही लगेच पेपर उघडून बसता, म्हणून हे असं जाहीर पत्र.

ओवीला तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, तरी भागाकाराची धास्ती. 618 ला 6 ने भागलं की उत्तर 13. क्लासमध्ये लाल फुली मारून वही परत यायची, गाडी नेमकी कुठे घसरते ते बघायला कुणाला सवड नव्हती. तुम्ही आधी तिला पेन्सिल खाली ठेवायला लावलीत.

“600 रुपये सहा जणांत वाटले, प्रत्येकाला किती?”
“शंभर.”
“मग 618 वाटून तेराच कसे गं?”

तिला हसूच फुटलं. मग एकेक पायरी तिच्याच तोंडून वदवून घेतलीत. 6 शतकांना 6 ने भागलं, वर 1. पुढचा 1 खाली घेतला, त्याला 6 चा भाग जात नाही, म्हणून वर 0. हेच शून्य ती खात होती! मग 8 खाली, झाले 18, वर 3. उत्तर 103 आलं तरी सुटका नाही. 103 गुणिले 6 करून पडताळा घेतल्याशिवाय तुम्ही वही मिटू दिली नाहीत.

अपूर्णांकांतही तेच. 1/2 + 1/3 चं उत्तर तिने 2/5 काढलं, तर तुम्ही एवढंच विचारलंत, “अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झालं?” छेद समान करायचे हे तिला शाळेत शिकवलं होतंच, पण का करायचे ते त्या दिवशी कळलं. 3/6 आणि 2/6 मिळून 5/6.

‘कंचेभागुबेव’चं, म्हणजे कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम लक्षात ठेवायच्या सूत्राचं, मात्र मलाही नवल वाटलं. त्यात ‘बे’ आधी म्हणून 12 − 5 + 3 मध्ये पोरं आधी बेरीज करून 4 लिहितात. बेरीज-वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून जे आधी येईल ते आधी, म्हणून उत्तर 10, हे तुम्ही सांगितलंत. माझ्या मते हे वर्गात फळ्यावर ठळक लिहून ठेवायला हवं.

तुम्ही कधी तिला आयतं उत्तर दिलं नाहीत, याचे आभार सगळ्यात जास्त. आता नफा-तोटा सुरू झालाय, शेकडेवारी पाठोपाठ येतेच आहे. रविवारी पाठवते तिला. फी घेत नाही म्हणता, तर निदान चकल्यांचा डबा तरी परत पाठवू नका.

तुमची,
ओवीची आई