वक्त्यांच्या यादीत सरण रचणारा कोठे आहे?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील निधनवार्तांचे पान मी रोज सकाळी सर्वांत आधी उघडतो. त्यामागे कुतूहलापेक्षा धंद्याचा भाग अधिक आहे. अंत्यविधीच्या साहित्याचे आमचे दुकान वडिलांपासून चालत आलेले असून, ‘रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी नऊ वाजता’ अशी ओळ दिसली की त्या घरातले कोणी ना कोणी आदल्या संध्याकाळपर्यंत दुकानाची पायरी चढणार, हे आम्ही धरूनच चालतो. याच धंद्यासंबंधीच्या एका गोष्टीकडे वाचकांचे, आणि विशेषतः संबंधित संयोजकांचे, लक्ष वेधावे एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

साहित्य विक्रेते, शववाहिकांचे चालक, स्मशानभूमीतील कर्मचारी, कबरी खोदणारे आणि विधी सांगणारे अशा सर्वांची एक दिवसाची परिषद आपल्या कोल्हापुरात भरविण्याचे काही मंडळींनी योजिले आहे. कल्पना चांगली आहे. गुऱ्हाळवाल्यांचे, फौंड्रीवाल्यांचे, चप्पल कारागिरांचे मेळावे या गावाला नवे नाहीत. मात्र प्रत्येक घराला केव्हा ना केव्हा ज्यांची गरज लागते, त्या माणसांना एकत्र बसवावे असे फारसे कोणाला सुचत नाही. त्यामुळे पत्रिका हाती आली तेव्हा मला आनंद झाला आणि वक्त्यांची यादी वाचल्यावर तो निम्म्यावर आला. उद्घाटनाला लोकप्रतिनिधी, त्यानंतर प्रेरणादायी व्याख्याने देणारे एक गृहस्थ, दुपारी मृत्यूविषयक चिंतनपर प्रवचन, मग व्यवसायवाढ आणि जाहिरात यांवर एका सल्लागारांचे मार्गदर्शन, आणि शेवटी स्मशानसेवकांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार. म्हणजे दिवसभर ज्यांच्या कामाविषयी बोलायचे ते खाली खुर्च्यांवर बसणार, संध्याकाळी व्यासपीठावर येऊन नारळ घेणार, फोटोला उभे राहणार आणि उतरून जाणार. माईक त्यांच्या हाती एकदाही जाणार नाही.

संयोजकांपैकी एका परिचितांना मी याबद्दल विचारले. माणूस सज्जन आहे, त्यांच्या हेतूविषयी मला काहीही म्हणायचे नाही. ते म्हणाले, “अहो, त्यांना बोलता येत नाही. स्टेजवर चढवलं की गप्प होतात.”

यावर मला दोन पावसाळ्यांपूर्वीची पंचगंगा स्मशानभूमीतील एक संध्याकाळ आठवली. आमच्याच गल्लीतले मयत होते, पाऊस दुपारपासून थांबलेला नव्हता आणि मृताचा पुण्याहून आलेला पुतण्या सरणाकडे पाहत चिंतेत उभा होता. तेथील एका जुन्या कर्मचाऱ्याला आम्ही सगळे मामा म्हणतो. त्या मुलाने काही न विचारताच मामा काम करता करता त्याला सांगू लागले. खालचे जाड ओंडके एकमेकांना चिकटवायचे नाहीत, हात जाईल एवढी फट ठेवायची, कारण वारा खालून आला नाही तर वर कितीही तूप ओता, नुसता धूर होतो. शेणी, म्हणजे गोवऱ्या, आडव्या थापून ठेवायच्या नाहीत, उभ्या कलत्या लावायच्या. छाती आणि कंबर या दोन जागांना जळायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, म्हणून वजनदार लाकूड तेथे ठेवायचे. पायांकडे त्याची उधळपट्टी करायची नाही. हे सांगत असताना त्यांनी हातातली एक शेणी मोडून नाकाशी नेली, “ही आतनं ओली हाय,” असे म्हणून बाजूला फेकली आणि दुसरी घेतली. दहा मिनिटांत तो मुलगा त्यांच्या हाताखाली शेणी देऊ लागला होता. आपल्या काकाला नीट पोचवता येईल की नाही, ही त्याची धास्ती गेली होती. ज्या माणसाला बोलता येत नाही म्हणतात, तो हाच.

परदेशातही या व्यवसायाच्या परिषदा भरतात आणि त्यांतही व्यासपीठावर प्रेरणादायी वक्ते असतात, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील अंत्यसंस्कार व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १८८२ सालची आहे, ब्रिटनमधील १९०५ सालची. जपानमध्ये तर २०१७ साली अशाच एका व्यावसायिक प्रदर्शनात बौद्ध सूत्रे म्हणणारा यंत्रमानव उभा केला होता. आमच्याकडच्या भटजींनी ही बातमी ऐकून, “त्याला दक्षिणा कोण देतं?” एवढेच विचारले. पण तेथील परिषदांचा मोठा भाग हा कामाच्या शिक्षणाचा असतो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत परवाना टिकविण्यासाठी ठरावीक तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते आणि ते तास अशा परिषदांतील सत्रांना बसून भरता येतात. त्यामुळे भट्टी चालविणारा भट्टीविषयी बोलतो, मृतदेह टिकविण्याचे काम करणारा त्या रसायनांविषयी आणि त्यांपासून स्वतःच्या फुप्फुसांना कसे जपावे याविषयी बोलतो. आपण त्यांचे अनुकरण करणारच असू, तर ते या बाबतीत करावे.

आता आपल्याकडे कोणत्या विषयांवर बोलता येईल, ते सांगतो. पहिला विषय मी स्वतः पाहिलेल्या एका अपघातातून सुचलेला आहे. एका गावी, ज्याचे नाव येथे देत नाही, चितेला अग्नी दिल्यावर काही वेळाने फटाका फुटावा तसा आवाज झाला, निखारे उडाले आणि जवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मृताच्या छातीत पेसमेकर होता. त्यातली बॅटरी आगीत फुटते, म्हणून दहनापूर्वी तो काढून घ्यावा लागतो. पण घरच्यांना ते ठाऊक नव्हते आणि रुग्णालयातून कोणी सांगितलेही नव्हते. त्या दिवसापासून तिरडीचे कळक, काथ्या, मडके आणि कोरे कापड बांधून देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारतोच: “छातीत मशीन बसवलं होतं का?” काही जण चमकतात, एक-दोघे रागावलेही. परिषदेत एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य बोलवावे. परंतु त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तो भाजलेला माणूसही असावा.

दुसरा विषय पुराचा, आणि त्यावर कोल्हापूरकरांइतका अधिकार थोड्यांचाच असेल. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले, नदीकाठची स्मशानभूमी पाण्याखाली गेली आणि अंत्यसंस्कार शहरातील अन्य स्मशानभूमींकडे वळवावे लागले. २०२१ च्या त्या जुलैत कोरोनाही संपलेला नव्हता. अशा दिवसांत शेणींचे हुडवे, म्हणजे रचलेले ढीग, कोठे हलवायचे, कोरडे लाकूड किती दिवसांचे राखून ठेवायचे, रस्ता बंद असलेल्या गल्लीतून मृतदेह कसा बाहेर आणायचा, हे सगळे ज्यांनी केले ते लोक अजून कामावर आहेत. त्यांतले काही येत्या चार-पाच वर्षांत निवृत्त होतील. त्यांना बोलते करून ते लिहून ठेवण्याची संधी अशा परिषदेत मिळते, आणि ती वेळ आपण जाहिरातीच्या सल्लागारांना देऊन बसलो आहोत.

शेणींचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शहरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि होळीच्या सुमारास तालमी, मंडळे आणि घरोघरची माणसे होळी लहान करून स्मशानभूमीला शेणी दान करतात. बाहेरगावचे व्यापारी हे ऐकून थक्क होतात. ही पद्धत कशी रुजली, दान आलेल्या शेणी कशा मोजून घेतात, पावसाळ्यापूर्वी साठा कसा करतात, हे महाराष्ट्रातील इतर नगरपालिकांनी येथे येऊन ऐकावे असे आहे. पत्रिकेत त्यासाठी पंधरा मिनिटेही नाहीत.

दफनाचे काम करणाऱ्यांचा तर यादीत मागमूसही नाही. लिंगायत समाजात मृताला बसवून समाधी देतात, त्यासाठीचा खड्डा वेगळ्या मापाचा आणि वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. मुस्लिम बांधवांच्या कबरीची बांधणी निराळी, ख्रिस्ती दफनाची निराळी. पावसाळ्यात काळ्या मातीतला खड्डा बाजूंनी ढासळतो आणि तळाला पाणी लागते, तेव्हा काय करायचे, हे खोदणारा एक माणूस दुसऱ्या खोदणाऱ्याला सांगू शकतो, मग त्या दोघांचे धर्म कोणतेही असोत.

यानंतरचा विषय आमच्या स्वतःच्या धंद्याला टोचणारा आहे. दुःखात बुडालेला माणूस भाव करीत नाही आणि याचा फायदा घेणारे विक्रेते व गाडीवाले आमच्यात आहेत, हे मी नाकारत नाही. रात्री बाराला शववाहिका हवी असेल तर तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो. अमेरिकेत या प्रकारच्या तक्रारी वाढल्यावर १९८४ पासून असा नियम अमलात आला की प्रत्येक वस्तूचा आणि सेवेचा दर वेगवेगळा लिहून गिऱ्हाइकाला द्यावा, आणि फोनवर विचारले तरी सांगावा. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो. परिषदेत एखाद्या विक्रेत्याने उभे राहून आपला दरफलक वाचून दाखवावा आणि इतरांनी त्याला प्रश्न विचारावेत, एवढे तरी करता येईल. कोणीच पुढे आले नाही तर माझा फलक मी घेऊन येतो. दुकानाच्या दारावर तो गेली काही वर्षे आहेच.

नोंदीचे कामही असेच दुर्लक्षित आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने मृत्यूची खबर एकवीस दिवसांत देण्याची मुदत घातली असून, स्मशानभूमीचा किंवा दफनभूमीचा रखवालदार यांच्यावरही ती खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे. नावातल्या एका अक्षराच्या चुकीने पुढे वारसदारांना किती हेलपाटे घालावे लागतात, हे रजिस्टर भरणाऱ्याला चांगले माहीत असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही मे २०२१ मध्ये मृतांच्या सन्मानाविषयी सूचना काढताना, या कर्मचाऱ्यांना त्यांच्या कष्टांचा योग्य मोबदला मिळावा असे म्हटले होते. त्या सूचनेचे पुढे काय झाले, हा प्रश्न उद्घाटक महोदयांना तेथेच विचारता येईल, म्हणून त्यांचे नाव यादीतून काढावे असे मी मुळीच म्हणत नाही.

कोल्हापूरचा या विषयाशी असलेला एक जुना संबंधही येथे नोंदवावासा वाटतो. करवीरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. त्या शहरात दहनाची रीत नव्हती. खास परवानगी मिळवून, अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, त्यांच्यासोबतच्या मंडळींनी हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार केले. त्या जागी उभारलेले स्मारक आजही आहे. इटलीत मिलान येथील दाहगृहात पहिले दहन झाले ते यानंतर, १८७६ साली. परक्या देशात, परक्या लाकडावर, थंडीच्या दिवसांत सरण पेटविण्याचे काम त्या वेळी व्याख्यात्यांनी केलेले नव्हते.

‘बोलता येत नाही’ ही अडचण खरी मानली तरी तिच्यावर उपाय आहे. भाषण ठेवूच नये. दोन खुर्च्या ठेवाव्यात, एकीवर जाणता प्रश्नकर्ता आणि दुसरीवर कामगार. शक्य असेल तर लाकडे आणि शेणी मंडपात आणून रचण्याची रीत प्रत्यक्ष दाखवू द्यावी. हाताला काम मिळाले की तोंड आपोआप चालते, हे मामांच्या बाबतीत मी पाहिले आहे. त्यांच्या त्या दिवसाचा पगार किंवा मजुरी बुडू नये आणि व्याख्यात्यांना जे मानधन मिळते तेच त्यांनाही मिळावे. आणखी एक अडचण संयोजकांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. स्मशानभूमी एक दिवसही बंद ठेवता येत नाही, तेव्हा परिषद सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्यांत घेऊन तीच सत्रे दोनदा ठेवावी लागतील, नाहीतर ज्यांच्यासाठी ती भरविली ते कामावरच राहतील आणि मंडपात आम्ही दुकानदारच उरू.

परिषदेला अद्याप अवकाश असून पत्रिका पुन्हा छापता येण्यासारखी आहे. छपाईचा जादा खर्च आम्ही चार विक्रेते मिळून उचलण्यास तयार आहोत, असे मी संयोजकांना कळविले आहे. सत्काराच्या शालींनाही आमची हरकत नाही. त्या फक्त सकाळीच देऊन टाकाव्यात, म्हणजे नंतर बोलताना आणि शेणी रचून दाखवताना हात मोकळे राहतील.

आपला विश्वासू,
एक अंत्यविधी साहित्य विक्रेता,
कोल्हापूर